स्नायूंचे तीन स्वभाव

कायानुपश्यनेच्या अभ्यासात शरीराच्या बत्तीस भागांचे स्मरण केले जाते. केस, लोम, नख, दंत आणि त्वचा या पहिल्या पाच भागांनंतर सहावा भाग येतो तो 'मंस' आणि सातवा 'न्हारु'. विहारात हा पाठ म्हणताना आपण या दोन शब्दांवरून सहज पुढे जातो. त्यांच्याविषयी प्रथम एक खुलासा करणे आवश्यक आहे. पालीतील 'न्हारु' म्हणजेच संस्कृतातील 'स्नायु' होय, आणि मांस व हाडे बांधून ठेवणारा चिवट दोर हा त्याचा जुना अर्थ. मराठीने तो शब्द घेतला, परंतु त्यास मांसपेशीचा अर्थ दिला. म्हणून आज मराठी पाठ्यपुस्तक ज्यास 'स्नायू' म्हणते ते पालीतील 'मंस' होय. 'न्हारु'स आज आपण स्नायूरज्जू म्हणतो. हा भेद ध्यानी न घेतल्यास पाठाचा अर्थ लावताना घोटाळा होतो.

आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मांसपेशींची संख्या नऊशे सांगितली आहे. सुश्रुतसंहितेत ती पाचशे आहे. आधुनिक शरीररचनाशास्त्र हाडांशी निगडित असे सहाशेहून अधिक स्नायू मोजते. मोजण्याच्या रीती भिन्न, म्हणून संख्या भिन्न. त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच बत्तीस भागांच्या यादीत हृदय अकराव्या स्थानी आणि आतडे सोळाव्या स्थानी, म्हणजे 'मंसा'पासून वेगळे गणले आहे. आजचे विज्ञान सांगते की, हृदय स्नायूंचेच बनलेले आहे आणि आतड्याच्या भिंतीतही स्नायूंचे थर आहेत. मात्र हातापायांचे स्नायू, आतड्याचे स्नायू आणि हृदयाचे स्नायू या तीन भिन्न जाती असून त्यांचे स्वभावही भिन्न आहेत. पहिला आपली आज्ञा ऐकतो, दुसरा ऐकत नाही आणि तिसरा कोणाच्याही आज्ञेची वाट पाहत नाही.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. नांदेड आणि लातूर या आपल्या जिल्ह्यांत ज्यांची खरी मालमत्ता म्हणजे त्यांचे अंगबळ, अशा माणसांची संख्या मोठी आहे. कोयता चालविणारा ऊसतोड मजूर, डोक्यावर हंडा वाहणारी बाई, पहाटे रस्त्यावर धावून पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, हे सर्व स्नायूंवर जगतात. त्यांना आपल्या स्नायूंचा स्वभाव कळावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आज्ञा ऐकणारा स्नायू

हाडांना जोडलेल्या स्नायूंना ऐच्छिक स्नायू म्हणतात. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग या स्नायूंचा असतो. स्त्रियांत तो काहीसा कमी असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या स्नायूंच्या लांब तंतूंवर आडवे पट्टे दिसतात, म्हणून त्यांस पट्टकी स्नायू असेही नाव आहे.

या स्नायूंविषयी पहिली गोष्ट ही की, स्नायू केवळ ओढतो. तो कधीही ढकलत नाही. दंडाच्या पुढील स्नायू आखडला की कोपर वाकतो. परंतु तो सैल पडल्याने हात आपोआप सरळ होत नाही. त्यासाठी दंडाच्या मागील स्नायूस आखडावे लागते. मल्ल प्रतिस्पर्ध्यास ढकलतो तेव्हाही आतून हा मागील स्नायू हाडास ओढतच असतो. एक आखडत असताना दुसऱ्याने सैल पडणे हे प्रत्येक हालचालीचे मूळ आहे.

आखडण्याची क्रिया कशी घडते, याचे उत्तर १९५४ साली मिळाले. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के या दोघांनी, तसेच ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन या दुसऱ्या दोघांनी, एकाच वेळी परंतु स्वतंत्रपणे दाखवून दिले की, स्नायू आखडताना त्यातील सूक्ष्म धागे स्वतः आखूड होत नाहीत, तर ते एकमेकांत सरकतात. ॲक्टिनचे पातळ धागे आणि मायोसिनचे जाड धागे आलटून पालटून मांडलेले असतात. मायोसिनला असंख्य सूक्ष्म आकडे असतात. रस्सीखेच खेळणारी माणसे दोर पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पकडतात. तसेच हे आकडे ॲक्टिनला पकडून ओढतात. मज्जातंतूचा संदेश आला की स्नायुतंतूत कॅल्शियम मोकळे होते आणि ही ओढाताण सुरू होते. कॅल्शियम परत साठ्यात ओढून घेतले की ती थांबते.

यात एक बाब सहसा लक्षात येत नाही. आकड्याने पकड सोडावी यासाठी एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते. कॅल्शियम परत ओढून घेण्यासही तेच लागते. म्हणजे आखडण्यास जशी ऊर्जा लागते, तशीच सैल पडण्यासही लागते. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठ होतो तो यामुळेच. एटीपी संपलेले असते, आकडे अडकलेले राहतात आणि पकड सोडविणारे काही उरत नाही. पुढे स्नायूंतील द्रव्ये विघटित होऊ लागली की ताठरपणा जातो. धनुर्वातातही सैल पडणेच बिघडते. शेतात विळा वा गंजलेला पत्रा लागून झालेल्या जखमेत मातीतील जंतू शिरतात. त्यांचे विष 'आता थांब' असे सांगणारे मज्जारज्जूतील संदेश बंद पाडते. परिणामी परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात आणि शरीर धनुष्यासारखे वाकते. धनुर्वाताची लस वेळेवर घेणे म्हणजे सैल पडण्याचे सामर्थ्य राखणे होय.

हालचाल न होताही स्नायू काम करीत असतो, हेही येथे सांगितले पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना स्मरत असेल. डोक्यावर भरला हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईची मान हलत नाही, पाठ हलत नाही; पाहणाऱ्यास ती नुसती उभी दिसते. परंतु तिचे मानेचे व पाठीचे स्नायू अविरत आखडलेले असतात. अशा स्थिर ताणात स्नायूंमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा घटतो आणि स्नायू लवकर थकतो. चालताना स्नायू आळीपाळीने आखडतो व सुटतो, त्यामुळे त्यास रक्त मिळते. म्हणूनच हंडा घेऊन चालण्यापेक्षा हंडा घेऊन उभे राहणे काही वेळा अधिक जड जाते.

शंभर मीटर आणि सोळाशे मीटर

ऐच्छिक स्नायूंतही सर्व तंतू सारखे नसतात. काही संथ असतात. ते हळू आखडतात, परंतु दीर्घकाळ थकत नाहीत. त्यांच्यात प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन हे लालसर द्रव्य विपुल असते, म्हणून त्यांचा रंग गडद. दुसरे जलद तंतू क्षणात मोठे बळ लावतात, पण लवकर थकतात. त्यांचा रंग फिकट. कोंबडी क्वचितच उडते, म्हणून तिच्या छातीचा स्नायू फिकट असतो, तर दूरवर उडणाऱ्या कबुतराचा गडद.

महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी या दोन्ही तंतूंची परीक्षा घेते. पुरुष उमेदवारांस १६०० मीटर, महिला उमेदवारांस ८०० मीटर धावावे लागते. शिवाय दोघांस १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. गोळा फेकण्यास दोन-तीन सेकंद पुरतात. तेवढ्यासाठी स्नायूत आधीच असलेले एटीपी पुरेसे असते. शंभर मीटरच्या बारा-पंधरा सेकंदांत क्रिएटिन फॉस्फेट हा दुसरा साठा मुख्यत्वे कामास येतो. तो सुमारे दहा सेकंदांत बराचसा रिता होतो. त्यानंतर प्राणवायूविना शर्करेचे विघटन मिनिट-दोन मिनिटे भार उचलते. सोळाशे मीटरच्या पाच-सहा मिनिटांत मात्र मुख्य भार प्राणवायूवर, म्हणजे फुप्फुसे, हृदय आणि संथ तंतू यांच्यावर येतो. म्हणून केवळ दंड-बैठका काढून सोळाशे मीटर साधत नाहीत आणि केवळ रोज लांब धावून गोळा दूर जात नाही.

आपल्या मराठवाड्यातच दोन्ही टोकांची उदाहरणे आहेत. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरीचा किताब मिळविला. डाव टाकण्याचा क्षण जलद तंतूंचा असतो. दुसरीकडे, शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे. शेतकरी कुटुंबातून आलेले साबळे लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, तर २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. आठ मिनिटांहून अधिक काळ वेग राखणे हे संथ तंतूंचे आणि त्यांना प्राणवायू पुरविणाऱ्या हृदयाचे काम होय. दोन्ही तंतूंचे प्रमाण बऱ्याच अंशी जन्मतः ठरते. सरावाने ते पूर्णतः बदलत नाही, परंतु दोन्ही प्रकारचे तंतू आपापल्या कामात कितीतरी सुधारतात.

सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचल्याने, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. ते आम्ल तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. वेदना असते ती तंतूंत पडलेल्या सूक्ष्म चिरांची आणि त्यांच्या दुरुस्तीची. स्नायू सबळ होतो तो या दुरुस्तीच्या काळात, म्हणजे विश्रांतीत. ज्यास विश्रांती नाही आणि आहारात डाळ, दूध, अंडी यांतून येणारी प्रथिने नाहीत, त्याच्या स्नायूंची झीज होते. सराव कितीही केला तरी बळ वाढत नाही.

आज्ञा न ऐकणारा स्नायू

दुसरी जात अनैच्छिक स्नायूंची. अन्ननलिका, जठर, आतडी, मूत्राशय, गर्भाशय, श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत ते असतात. डोळ्याची बाहुली लहानमोठी करणारे आणि थंडीत अंगावर काटा आणणारे स्नायूही याच जातीचे. यांच्या पेशी लहान, दोन्ही टोकांस निमुळत्या असून त्यांवर आडवे पट्टे नसतात. घास गिळला जाईपर्यंत आपली सत्ता चालते. त्यापुढे आतड्यांत लाटेप्रमाणे सरकणारे आकुंचन त्यास पुढे नेते आणि आपण कितीही इच्छा केली तरी ती लाट थांबत वा वेगावत नाही.

हे स्नायू संथ असतात, परंतु त्यांची काटकसर विलक्षण आहे. एकदा आखडले की ते अत्यल्प ऊर्जेत तासन् तास ताण धरून ठेवू शकतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींनी असा ताण धरला नाही, तर उभे राहताच रक्त पायांकडे उतरेल आणि भोवळ येईल. हाच ताण प्रमाणाबाहेर वाढला की रक्तदाब वाढतो. उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा त्वचेतील रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त त्वचेकडे धावते आणि उष्णता बाहेर टाकली जाते. म्हणजे उन्हात काम करणाऱ्याच्या रक्तावर एकाच वेळी दोन मागण्या असतात, एक राबणाऱ्या स्नायूंची आणि दुसरी त्वचेची. त्यात घामाने पाणी घटलेले. ही ओढाताण कशी निस्तरायची ते हृदयावर पडते.

गर्भाशयाचा स्नायू या जातीतील सर्वांत बलवान. प्रसूतीच्या कळा आणणे वा थांबविणे मातेच्या इच्छेवर नसते. बाळ व वार बाहेर आल्यावर हेच तंतू घट्ट आखडून आपल्या जाळ्यातील रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तस्राव थांबतो. ते आखडले नाहीत तर रक्तस्राव जीवघेणा ठरू शकतो. जन्मल्यावर लवकर बाळास अंगावर पाजण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यामुळे मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय आखडण्यास साहाय्य होते. येथे आज्ञा चालत नाही, परंतु योग्य परिस्थिती निर्माण करता येते. अनैच्छिक स्नायूंशी वागण्याची हीच रीत आहे.

स्वतः चालणारा स्नायू

हृदयाचा स्नायू ऐच्छिक स्नायूंप्रमाणे पट्टे असलेला आहे, परंतु तो इच्छेच्या सत्तेखाली नाही. त्याच्या पेशींना फांद्या असतात आणि त्या एकमेकींशी अशा जोडलेल्या असतात की, एकीतील विद्युत्संदेश लगेच दुसरीत जातो; त्यामुळे सारे हृदय एकदिलाने आखडते. हा संदेश मेंदूकडून येत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूस वरच्या कप्प्यात असलेला लहानसा पेशीसमूह तो स्वतःच निर्माण करतो. म्हणूनच प्रत्यारोपणात जुन्या शरीराशी असलेले सर्व मज्जातंतू तोडले गेले तरी हृदय नव्या शरीरात धडधडू लागते. मज्जातंतू केवळ वेग कमीजास्त करतात.

मिनिटास सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात आणि मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलले जाते. हाताच्या स्नायूस वारंवार संदेश दिले तर तो सलग आखडलेला राहतो. मूठ आवळून धरता येते ती त्यामुळे. हृदयास असे करता येत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर ते क्षणभर कोणताही नवा संदेश स्वीकारत नाही. ही सक्तीची विश्रांती नसती, तर हृदय आवळल्या मुठीसारखे राहिले असते आणि रक्त भरण्यास अवसर मिळाला नसता.

या विश्रांतीचे आणखी एक प्रयोजन आहे. हृदयाचा डावा भाग आखडलेला असताना त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणून त्यास स्वतःचे रक्त मुख्यत्वे दोन ठोक्यांमधील विरामात मिळते. जे हृदय साऱ्या शरीरास पोसते, ते स्वतः विरामात पोसले जाते. ठोक्यांचा वेग वाढला की आखडण्याचा काळ थोडाच घटतो. घटतो तो विरामाचा काळ. निरोगी, सरावलेल्या हृदयास हे सहन होते. परंतु ताप अंगात असताना, पाणी कमी पडले असताना किंवा उत्तेजक द्रव्य घेऊन हृदयास पळविले, तर त्याची गरज वाढते आणि पोसले जाण्याचा वेळ कमी होतो. शिवाय हृदयाच्या पेशी प्रौढपणी फारच अल्प प्रमाणात, वर्षाला एक टक्क्यांहूनही कमी, नव्याने निर्माण होतात. दंडाच्या स्नायूची चीर भरून निघते. हृदयाच्या स्नायूची बहुधा भरत नाही, तेथे वण राहतो.

मण्यार आणि विंचू

तीन जातींचे स्वभाव किती भिन्न आहेत, हे आपल्या शेतशिवारातील दोन विषारी प्राणी दाखवून देतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. दंशाची वेदना कित्येकदा जाणवतही नाही. तिचे विष मज्जातंतू जेथे ऐच्छिक स्नायूस मिळतो, त्या सांध्यावर आघात करते. प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग गिळता येत नाही, बोलता येत नाही आणि शेवटी श्वास चालविणारे स्नायू थांबतात. परंतु हृदय आपला संदेश स्वतः निर्माण करीत असल्याने ते चालूच असते. म्हणून या रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवता आला, तर काही दिवसांनी सांधे पुन्हा जुळून तो बरा होऊ शकतो. पापण्या मिटत चाललेला माणूस झोपेत आहे असे समजून वा मांत्रिकाकडे नेऊन गमावलेला प्रत्येक तास श्वासाचा असतो. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. रुग्णास विनाविलंब अशा ठिकाणी नेले पाहिजे, जेथे सर्पविषावरील लस आणि श्वासयंत्र दोन्ही आहेत.

लाल विंचवाच्या विषाचे लक्ष्य नेमके उलट आहे. ते शरीरात उत्तेजक द्रव्यांचे वादळ उठवते. रक्तवाहिन्यांचे अनैच्छिक स्नायू घट्ट आवळले जातात, हृदयास त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. हातपाय चालत असतात, पण रुग्ण दगावतो. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडच्या परिसरात अशा रुग्णांवर काम करताना प्राझोसिन हे औषध वापरले. रक्तवाहिन्यांचे आवळलेले स्नायू सैल करणे हेच त्याचे काम. त्यामुळे विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फार घटले. २०२२ साली त्यांस पद्मश्री देण्यात आली. कोणत्या जातीचा स्नायू बिघडला आहे हे ओळखल्यानेच हा उपाय सापडला.

सीमेवरचा स्नायू

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखे श्वासपटल असते. रचनेने ते ऐच्छिक स्नायू आहे. मानेतील मज्जारज्जूतून निघणारा तंतू त्यास चालवितो. आपण श्वास दीर्घ करू शकतो, क्षणभर रोखूही शकतो. परंतु झोपेत, कामात, विस्मृतीत मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र त्यास आपल्याविना चालवीत असते, आणि श्वास रोखून धरला तरी रक्तात कर्बवायू वाढला की ते केंद्र आपली आज्ञा मोडून श्वास घ्यावयास लावते. इच्छा आणि अनिच्छा यांच्या सीमेवर उभा असलेला असा स्नायू क्वचितच सापडतो. आनापानसतीसाठी श्वास हेच आलंबन आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या साधनेत श्वास चालवावयाचा नसतो, येणारा-जाणारा श्वास जाणावयाचा असतो. ज्यावर आपली सत्ता अर्धीच आहे, ते सत्ता न गाजविता पाहावयाचे असते. शरीरशास्त्र याला एक जोड देते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना किंचित मंदावतात. निवांत, दीर्घ उच्छ्वासात हृदय थोडे विसावते ते त्यामुळेच. मात्र यावरून आनापान हे हृदयविकारावरील औषध आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

किल्लारीचा धडा

तिन्ही जाती स्वभावाने स्वतंत्र असल्या तरी रक्ताने बांधलेल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे यांच्याखाली गाडली गेली. हजारो माणसे मृत्यू पावली. अशा प्रसंगी ढिगाऱ्याखालून जिवंत, बोलत असलेला माणूस बाहेर काढला जातो आणि काही तासांनी वा दिवसांनी दगावतो, असे जगभरच्या भूकंपांत घडते. त्याचे कारण १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यातील जखमींवर उपचार करताना एरिक बायवॉटर्स यांनी उलगडले. दाबल्या गेलेल्या मांडीचा वा दंडाचा स्नायू रक्ताअभावी फुटतो. वरचे ओझे हटताच रक्त पुन्हा वाहू लागते आणि फुटलेल्या तंतूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन शरीरभर जातात. पोटॅशियम हृदयाची लय बिघडविते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडे बंद पाडते. म्हणून शक्य असेल तर ओझे हटविण्यापूर्वीच शिरेतून द्रव देण्यास प्रारंभ करतात.

हेच लहान प्रमाणावर ढिगाऱ्याविनाही घडते. सराव नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्या, किंवा भर उन्हात पाण्यावाचून धाव घेतली, तरी ऐच्छिक स्नायू फुटू शकतात. अंग असह्य दुखते, सुजते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. ती खूण दिसताच रुग्णालयात जावे. घरी अंग चोळीत बसू नये. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. परंतु नियम बदलले तरी शरीराचा नियम तोच आहे.

आम्हांस आमच्या तरुणांना म्हणूनच काही गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. सराव आठवड्या-आठवड्याने वाढवावा. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर पंधरा दिवसांत अंग तयार होत नाही. उन्हाची सवय होण्यासही दहा ते चौदा दिवस लागतात. पहाटे धावावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताप असताना धावू नये, कारण काही तापांत हृदयाच्या स्नायूसही सूज असते. वेग वाढविण्यासाठी कोणी गोळी वा इंजेक्शन देऊ केले तर ते घेऊ नये. ते पायांसाठी म्हणून दिले जाते, पण त्याची किंमत हृदय मोजते. धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांसाठी दिवसाचे दहा-बारा तास बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीही तासातासाने उठून चालावे. पोटरीचा स्नायू आखडतो तेव्हाच पायातील रक्त वर ढकलले जाते.

अनत्तलक्खण सुत्तात भगवान बुद्धांनी पंचवर्गीय भिक्खूंपुढे जो विचार मांडला, त्यातील एक पायरी ही की, रूप जर खरोखर 'माझे' असते, तर ते असे होवो, तसे न होवो, असे त्यास सांगता आले असते. शरीरशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास ही पायरी सहज कळते. सहाशे स्नायूंना आपण सांगू शकतो, तेही ऊर्जा असेपर्यंत. आतड्यास सांगू शकत नाही, हृदयास सांगू शकत नाही. त्यांना लागतात ते योग्य प्रत्यय: अन्न, पाणी, विराम. ते पुरविणे आपल्या हाती आहे. म्हणून आम्ही सुचवितो की, ज्या विहारांत बत्तीस भागांचा पाठ होतो, तेथे वर्षातून एकदा गावातील डॉक्टरांना बोलावून तिन्ही स्नायूंचा तक्ता दाखवावा आणि मिटणारी पापणी व चहाच्या रंगाची लघवी या दोन खुणा मुलांकडून पाठ करून घ्याव्यात.